लोणीपट्टा

दुपारच्या शांततेत मांडणीवरची एक वाटी घसरली आणि फरशीवर पडून गरागरा फिरत राहिली.

बाळाला मी नुकतंच खांद्यावर झोपवलं होतं. त्या आवाजासरशी त्याचे दोन्ही हात हवेत उडाले, मुठी उघडल्या आणि मग जे भोकाड पसरलं ते पसरलं. माझ्याही तोंडून "अगं बाई" निघून गेलं. जुईली मांडणीपासून हातभर अंतरावर फरशीवर बसली होती, हनुमानासनात. एक पाय सरळ पुढे, एक सरळ मागे, मधे पुस्तक. वाटी गिरक्या घेत घेत तिच्या मागच्या पावलाला लागून थांबली.

तिनं पान उलटलं.

"जुई, दचकली नाहीस?"

"वाटी पडली ना? ऐकलं की मी."

"घरी पट्टा लावायचा नाही असं व्यायामशाळेतल्या बाईंनी सांगितलंय. काढ आधी."

"काढलाय कधीच. तो बघ, चार्जिंगला." तिनं न बघताच खिडकीकडे बोट दाखवलं.

पट्टा खरंच खिडकीत होता, हिरवा दिवा लावून गप्प पडलेला. मी बाळाला थोपटत उभी राहिले. पट्टा नव्हता, तरी माझी नऊ वर्षांची पोर दचकली नव्हती.

लोणीपट्टा हे नाव व्यायामशाळेतल्या पोरींनी ठेवलेलं. तो कमरेला बांधला की पाय लोण्यासारखे घसरतात, म्हणून. माणसाला पाय असे सपाट फाकवता का येत नाहीत, याचं उत्तर मी लहानपणापासून एकच ऐकलं होतं: शिरा आखडल्यात. पट्टा घेऊन आलेल्या कंपनीच्या मुलीनं पहिल्या दिवशी आम्हा पालकांना सांगितलं, की ते अर्धंच खरं. अगदी ताठ माणसाला ऑपरेशनसाठी भूल दिली की त्याचा पाय एरवीपेक्षा बराच वर उचलता येतो. स्नायू तोच, त्याची लांबी तीच. फरक इतकाच, की राखणदार झोपलेला असतो.

राखणदार म्हणजे स्नायूंच्या आत दडलेले, ताण मोजणारे बारीक तंतू. स्नायू ओढला गेला की ते मज्जारज्जूला खबर देतात. मज्जारज्जू मेंदूला विचारत बसत नाही, तो तिथल्या तिथे हुकूम सोडतो: आवळ. मागाहून मेंदूला वेदना कळते आणि आपण म्हणतो, जमत नाही बुवा. लवचीक माणसांचे राखणदार जरा उशिरा ओरडतात, ताठ माणसांचे फार लवकर. पट्टा कमरेतून हलके झटके देऊन मज्जारज्जूला शिकवतो, की रोज थोडं उशिरा ओरड. मज्जारज्जूही शिकतो हे तेव्हा सगळ्यांना मोठं नवल वाटलं होतं. शिकलेलं तो विसरतो का, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

जुई आमची ताठच. दोरीच्या मल्लखांबावर हाताची पकड अशी, की बाई म्हणायच्या, घोरपड आहे. पण खाली मातीत हनुमानासन करायची वेळ आली, की जमिनीला टेकायला वीतभर अंतर उरायचंच. पोरी तिला "सागवान" म्हणायच्या. "सागवान आलं, सरका, सरका!" राज्य पातळीच्या निवडीत हनुमानासन सक्तीचं. ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडायची, आणि निरंजन, म्हणजे तिचा बाबा, म्हणायचा, "अगं, आपलं घराणंच असं. मोडेन पण वाकणार नाही!" त्याला स्वतःला मांडी घालता येत नाही. लग्नातल्या पंगतीत बायका ह्याच्यासाठी खुर्ची शोधत फिरतात, आणि हा हसत असतो.

पट्टा आला आणि ती वीत मिटली. पोर रडायची थांबली. कुठल्या आईला नको असतं ते?

त्या संध्याकाळी मी तिला दूध दिलं. बाळ कडेवर, गॅसवर भाजी, त्या घाईत उकळता पेलाच तिच्या हातात गेला. माझ्या लक्षात आलं तेव्हा ती पेला दोन्ही हातांत धरून खिडकीबाहेर बघत होती.

"अगं, ठेव खाली! भाजतंय ना?"

"गरम आहे," ती म्हणाली.

मी पेला हिसकावला. मलाच तो धरवेना, ओट्यावर आपटला. तिच्या बोटांची पेरं लालभडक झाली होती.

"गरम आहे हे कळत होतं, तर धरून का ठेवलास?"

तिनं खरंच विचार केला. शाळेत बाईंनी प्रश्न विचारल्यावर करते तसा.

"सोडायची घाई नाही वाटली."

निरंजन आल्यावर त्याला सांगितलं. त्यानं जुईची बोटं उलटसुलट करून पाहिली, मलम लावलं, तिच्या डोक्यावर टपली मारली. "धीट झालीय माझी पोरगी. तूच म्हणायचीस ना, झुरळाला घाबरते म्हणून?"

"हे धीट नाही रे. धीट माणसाला आधी भीती वाटते."

"मुक्ता, तुझी झोप होत नाहीये. बाळामुळे. उद्या बाईंशी बोल, हवं तर."

आमच्या कराडातली ती व्यायामशाळा तशी साधी. पत्र्याचं छप्पर, लाल मातीचा हौद, एरंडेल पिऊन काळा झालेला खांब आणि आढ्याला बांधलेल्या सुती दोऱ्या. शेवाळेबाई तिथे उभी हयात शिकवत आल्या होत्या. त्यांची एक रीत होती आणि ती सगळ्या गावाला ठाऊक होती. पोर हनुमानासनात बसली, की बाई मागून तिच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू भार द्यायच्या. पोर "बास" म्हणाली की त्याच क्षणी हात वर. एक श्वास पुढे नाही. बाकीच्या पोरी रांगेत गप्प उभ्या. तो शब्द ऐकू यावा म्हणून. त्या रीतीमुळेच आम्ही आया मुली तिथे बिनघोर सोडत होतो.

मी बाळाला घेऊन पोचले तेव्हा जुई पट्टा बांधून मातीत बसत होती.

"बाई, जरा बोलायचं होतं."

"बोला की, जुईलीच्या आई. हात चालू राहिले तर चालेल ना?" त्यांनी तिच्या खांद्यावर भार दिला.

"घरी ती दचकत नाही. चटका बसला तरी हात काढत नाही. पट्टा थोडे दिवस बंद करूया."

"निवड तोंडावर आलीय आणि आता बंद?" बाई हसल्या. "अहो, ह्याच पोरीनं मला रडवलंय. आता बघा कशी बसते. माझ्या हातून आजवर एका पोरीचं नखसुद्धा दुखावलेलं नाही. का? तर मी पोरीचं ऐकते. बास म्हणाली की मी थांबले."

"ती आता बास म्हणते का?"

"म्हणायची गरजच पडत नाही. म्हणून तर पट्टा."

जुई आता पूर्ण खाली बसली होती आणि पुढच्या टाचेखाली लाकडी पाट सरकवलेला होता, आणखी ताण यावा म्हणून. बाईंचे हात खांद्यावर. त्या वाट बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता हो. कान टवकारून, अगदी मायेनं, त्या त्या एका शब्दाची वाट बघत होत्या. रांगेतल्या पोरीही वाट बघत होत्या. जुई माझ्याकडे बघून हसत होती, आणि तिची मांडी थरथरत होती. चेहरा तिचा होता. मांडी जणू दुसऱ्या कुणाची.

"बास!" मी ओरडले. "बाई, बास!"

बाळ किंचाळलं. पोरी खिदळल्या. "काकूंना दुखलं, काकूंना दुखलं!"

"तुमचं बास चालत नाही, जुईलीच्या आई," बाई शांतपणे म्हणाल्या, "तिचं चालतं. काय गं जुईली, बास?"

"नाही, बाई."

रांगेतल्या एका पोरीच्या हातात बाळ देऊन मी हौदात उतरले. चपलेसकट. त्या हौदात चपलेनं कुणी उतरत नाही, पोरींचं हसू एकदम थांबलं. मी बाईंचा हात धरून बाजूला केला आणि जुईला काखेत धरून उचललं.

"आई! सगळ्यांसमोर काय हे!" ती रडवेली झाली होती, माझ्यामुळे. पाय झाडून ती सुटली आणि बाहेर चालत गेली. ताठ मानेनं, भरभर. लंगडली नाही. पण तिच्यामागे मातीत उमटलेल्या पावलांकडे माझं लक्ष गेलं. डावं पाऊल सरळ होतं. उजवं बाहेर वळलेलं, आणि त्याच्या टाचेमागे प्रत्येक वेळी एक ओरखडा.

बाईंनाही ते दिसलं. त्या खाली बसल्या. एका ओरखड्यावर बोट ठेवून त्या नुसत्याच बसून राहिल्या.

मिरजेला डॉ. शहनाज मुजावर लहान मुलांची हाडं बघतात. त्यांनी जुईच्या खुब्याचं चित्र पडद्यावर लावलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हिला उचलून आणलंत ना?"

"जिना चढून आली," निरंजन म्हणाला. "दोन-दोन पायऱ्या."

डॉक्टरांनी जुईला पलंगावर आडवं व्हायला सांगितलं आणि नर्सला तिच्याजवळ उभं केलं. मग आम्हाला पडद्याशी बोलावून हळू आवाजात सांगू लागल्या.

"खुब्याचा सांधा उखळीसारखा असतो. ही उखळी, हा तिच्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. कुणाची उखळी उथळ, कुणाची खोल. हिची चांगलीच खोल आहे. जन्मापासून. घरात अजून कुणाला मांडी घालायला त्रास होतो?"

मी निरंजनकडे बोट दाखवलं. मीच म्हटलं, "ह्याला."

"तेच. स्नायू कितीही सैल करा, खोल उखळीत पाय एका जागी येऊन अडतो. हाड हाडाला लागतं. त्याला सराव नाही, औषध नाही. हिला हे आसन कधी जमणारच नव्हतं."

"पण जमलं ना," निरंजन म्हणाला. "मी स्वतः पाहिलंय. व्हिडिओ आहे माझ्याकडे."

"जमलं, कारण उखळीच्या काठाची मऊ कड फाटत गेली. आणि मग हे." त्यांनी हाडाच्या मानेवरची केसासारखी रेघ दाखवली. "तडा आहे. एरवी अशा तड्यावर मूल एक पाऊल टाकत नाही. लंगडतं, रडतं, आणि त्या रडण्यानंच वाचतं. ही उड्या मारत राहिली. अजून थोडे दिवस गेले असते, तर गोळा मानेपासून सरकला असता."

राखणदार स्नायूसाठी ओरडतो एवढंच आम्हाला सांगितलं होतं. तो त्याच आवाजात हाडासाठीही ओरडतो, आणि आम्ही त्याचं तोंड दाबलं होतं.

"तडा भरेल," डॉक्टर म्हणाल्या. "स्क्रू घालू, पाय टेकवायचा नाही, भरेल. मला काळजी दुसरी आहे. पट्टा कमरेचा, पण मज्जारज्जूनं तो धडा सगळ्या अंगाला लावलाय, आणि पट्टा काढूनही हिचं शरीर मागे येत नाहीये. अशी आणखी मुलं आलीत माझ्याकडे. काहींचं हळूहळू परत आलं. काहींचं अजून नाही."

"आणि नाहीच आलं तर?"

"उलटा पट्टा आहे. राखणदाराला परत जागं करणारा. पण तो किती जागा होईल ते आपल्या हातात नाही. एका मुलाला आता अंगावरची चादरही सोसत नाही." त्या थांबल्या. "घाई करू नका. तोवर तिच्यावर डोळा ठेवा. तिला कळणार नाही, तुम्हाला कळायला हवं."

ऑपरेशन झालं. आम्ही घरी आलो. आणि तेव्हापासून मी जी भीती पाहिली, ती मला आधी माहीत नव्हती.

आजारी मूल अंथरुणात राहतं, कारण हललं की दुखतं. जुईला दुखत नव्हतं. मी बाळाला आंघोळ घालत असले की ती उठून दाराशी उभी. "पाणी हवं होतं." पाय टेकवलेला. मी तिच्या मनगटाला माझी ओढणी बांधून दुसरं टोक माझ्या हाताला बांधू लागले. ती हसायची, "मी काय शेळी आहे?" जेवताना जीभ चावली गेली तर मला रक्त दिसल्यावर कळायचं. मी तिचे तळवे, कोपर, नखं, कानामागची जागा रोज उन्हात नेऊन बघायचे. तिच्या अंगावरचा प्रत्येक इंच मला ती तान्ही असताना पाठ होता. पुन्हा पाठ करत होते. दुपारी डोळा लागला तर दचकून उठायचे आणि आधी ओढणी ओढून बघायचे, पलीकडे वजन आहे ना.

शेवाळेबाई एकदा येऊन गेल्या. आत आल्या नाहीत. दारातच म्हणाल्या, "मी ऐकत होते हो, जुईलीच्या आई. देवाशपथ, मी ऐकत होते." मी त्यांना बसा म्हणाले नाही.

निरंजननं तो व्हिडिओ पुसून टाकला. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात तो म्हणाला, "उलटा पट्टा लावूया."

"आणि अंगावरचा फ्रॉकही सोसेना झाला तर? मी तिला जवळ कशी घेऊ?"

"आणि नाही लावला तर? ती मोठी होईल, मुक्ता. पोटात काही झालं, अपेंडिक्स झालं, काहीही. आयुष्यभर ओढणी बांधून फिरणार आहेस?"

"हळू बोल."

"झोपलीय ती."

मला रडू फुटलं. त्यानं मला जवळ घेतलं. तोही रडत होता, पण त्याचं रडणं आवाज न करता असतं. शेवटी ठरलं ते एवढंच, की पुढच्या तपासणीपर्यंत वाट बघायची. सुधारणा दिसली तर ठीक. नाहीतर पट्टा.

डॉक्टरांनी एक सराव दिला होता. जुईचे डोळे बांधायचे, आणि मधूनच बर्फाचा खडा तिच्या दंडाला लावायचा. नकोसं वाटलं की तिनं सांगायचं. आधी आधी बर्फ विरघळून पाणी कोपरापर्यंत यायचं, ती शांत. "गार आहे," एवढंच.

त्या बोलण्यानंतर काही दिवसांनी मी बर्फ लावला आणि ती म्हणाली, "स्स्!"

मी खडा टाकूनच दिला. "काय झालं? जुई, काय झालं?"

"नको वाटलं."

मी तिचे पापे घेतले, दंडाचे, डोळ्यांवरच्या रुमालाचे, नाकाचे. दुसऱ्या दिवशी "स्स्" लवकर आलं. तिसऱ्या दिवशी तिनं हातही मागे ओढला. निरंजन येताना जिलेबी घेऊन आला, आणि आम्ही तिघांनी ती कढईतून काढल्यासारखी गरम असतानाच खाल्ली. जुईनं बोट लावून चटकन मागे घेतलं आणि म्हणाली, "आई गं, भाजलं!" आमच्या घरात कुणाला भाजल्याचा इतका आनंद कधी झाला नसेल. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनाही बरं वाटलं. "मग पट्ट्याचा विचार सोडून देऊ," त्या म्हणाल्या.

आज सकाळी तिच्या डोळ्यांना रुमाल बांधला. वाडग्यातून बर्फाचा खडा उचलला, तोच आत बाळ कुरकुरलं. मी हात हवेत तसाच ठेवून मान वळवली. गप्प झालं. खडा माझ्या बोटांत होता, तिच्या दंडापासून चांगला लांब.

"आई गं!" जुई म्हणाली आणि हात मागे ओढला. "लागलं!"

पाणी टपकत होतं, माझ्या मांडीवर.

तिनं थोडी वाट पाहिली. मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिचा हात हळूहळू पुन्हा पुढे आला, जागेवर, जसा काही मागे गेलाच नव्हता. वाडग्यात खडा वाजला की किती वेळानं ओरडायचं, ते तिनं बसवलं होतं. आसन बसवावं तसं.

"जुई, कधीपासून?"

रुमालाखालचं तोंड वाकडं झालं. "बाबा म्हणाले ना, नाहीतर पट्टा. मी जागी होते. मला नकोय तो. मग तू मला जवळ घेणार नाहीस."

"अगं..."

"आणि मी ओरडले की तू हसतेस. आधी तू हसतच नव्हतीस." ती भरभर बोलत होती, अपराध्यासारखी. "मी बाळाचं बघून केलं. ते कसं तोंड करतं, हात कसा घेतं, सगळं बघितलं. तुला खरंच वाटलं ना? बाबांनाही वाटलं. डॉक्टरांनाही."

मी रुमाल सोडला. तिचे डोळे स्वच्छ होते, थोडे घाबरलेले. माझ्या चेहऱ्यावर काय आहे ते वाचू बघणारे. मी तिला छातीशी धरलं, दुखऱ्या पायाला धक्का लागू न देता. त्या पायाचं दुखरेपण फक्त मला माहीत होतं.

मग माझ्या गळ्याशी तोंड लावून, अगदी हळू, तिनं विचारलं,

"आई, मग खरं दुखतं तेव्हा वेगळं काय होतं गं?"